नागपुरात स्प्रे टॅनचा धंदा टाकायचा आहे? मग आधी बोर्डवरून 'टॅन' शब्द काढा

त्रिमूर्ती नगरात माझं छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्या, एक बेड, अन् मागे एक खोली जिच्यात आधी जुने टॉवेल अन् बंद पडलेला स्टीमर पडून असायचा. दोन वर्षांआधी त्या खोलीत मी स्प्रे टॅन, म्हणजे गननं अंगावर तात्पुरता तपकिरी रंग मारणं, सुरू केलं अन् मोठ्या हौसेनं बाहेर फ्लेक्स लावला, 'सनलेस टॅनिंग, आता नागपुरात'. पहिल्या आठवड्यात सात-आठ जणी चौकशीला आल्या आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, एका सिटिंगमध्ये पूर्ण टॅन निघते का?" एकीनं तर बाही वर करून हातच पुढे केला, मनगटापासून कोपरापर्यंत काळपट, त्याच्या वर एकदम उजळ, म्हणे एवढं काढून द्या. मी सांगितलं की बाई, हे टॅन काढायचं नाही, लावायचं आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पैसे घेऊन चिखल फासते म्हणाली. "काहून लावू बाप्पा? बाहेर फुकटात मिळून राहिलं ना."

बरोबरच बोलली ती. ज्या गावात पोरी ॲक्टिव्हावर बसायच्या आधी स्कार्फ, सनकोट, हातमोजे असं सगळं चढवून फक्त डोळे उघडे ठेवतात, जिथे पार्लरच्या रेटकार्डवर डी-टॅन सगळ्यात वर असतं, तिथे 'या, तुम्हाला सावळं करून देते' असं म्हणून कोण येणार. यूट्यूबवर जे बाहेरच्या देशातले लोक हा धंदा शिकवतात त्यांचं गिऱ्हाईक पांढरंफटक असते अन् त्याला बीचवरून आल्यासारखं दिसायचं असते. आपलं गिऱ्हाईक तसं नाही. आपल्या गिऱ्हाइकाचा प्रॉब्लेम आहे एकाच अंगावर तीन रंग. हे मला समजायला चार महिने अन् बरेच पैसे लागले, म्हणून आधीच सांगून टाकते, इथे टॅन विकू नका, एकसारखा रंग विका. माझ्या बोर्डवर आता 'स्किन टोन मॅचिंग' लिहिलं आहे. मशीन तीच, बाटली तीच.

आता हे आहे काय ते समजून घ्या कारण दिवसातून पाच वेळा समजावून सांगावं लागते. सोल्युशनमधला मुख्य माल म्हणजे डीएचए, लांब नाव डायहायड्रॉक्सिॲसिटोन, ही एक प्रकारची साखरच आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात जी अमिनो ॲसिड असतात त्यांच्यासोबत तिची रिॲक्शन होते आणि तपकिरी रंग तयार होतो. पोळी तव्यावर भाजताना जे खमंग डाग पडतात ना, त्याच जातीची रिॲक्शन, म्हणूनच स्प्रे केल्यावर अंगाला थोडा भाजलेल्या बिस्किटासारखा वास येतो. मेलॅनिन म्हणजे कातडीचा स्वतःचा रंग, त्याचा यात काही संबंध नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला एव्हा विटगेनस्टाइन नावाच्या बाई लहान पोरांच्या एका आजारासाठी डीएचए तोंडातून देऊन पाहत होत्या, पोरांच्या अंगावर ते सांडलं की कातडी तपकिरी व्हायची पण कपड्याला डाग पडायचा नाही, तिथून हे निघालं. रंग दोन-चार तासांत दिसायला लागतो, सहा-आठ तासांत चांगला चढतो आणि पाच ते सात दिवसांत मेलेली कातडी झडते तसा उतरत जातो.

हमखास येणारे दोन प्रश्न. एक, "याच्यात किरणं असतात का?" नाही. किरणांचे ते टॅनिंग बेड वेगळे, त्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं २००९ मध्ये कॅन्सर करणाऱ्या सगळ्यात वरच्या गटात टाकलं, ब्राझीलनं तर तेव्हाच बंदी घातली. ते मशीन कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घेऊ नका. दुसरा प्रश्न, "मग आता सनस्क्रीन नाही लागणार ना?" लागणार. हा रंग उन्हापासून वाचवत नाही, उलट पहिला दिवसभर तर उन्हात जाऊच नका असं मी सांगते.

गिऱ्हाईक कोण, यावर जरा बसून बोलते कारण सगळा धंदा इथेच आहे.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नवरी. मागे खोल गळ्याचं ब्लाऊज, स्लीव्हलेस नाहीतर नेटची बाही, आणि हात कॉलेजात पाच वर्षं गाडी चालवलेले. फोटोत काय दिसते तर खांदा आणि पाठ एका पोरीची, कोपराखालचा हात दुसरीचा. पायावर सँडलच्या पट्ट्यांचा पांढरा व्ही. मनगटावर घड्याळाचा गोल. मेकअपवाले याच्यावर बॉडी फाउंडेशन थापतात, ते शालूला लागते अन् वरमाला होईपर्यंत काखेजवळ फाटते. इथे आपलं काम आहे. पण लक्षात घ्या, पूर्ण अंगावर सरसकट स्प्रे मारला तर फरक जात नाही, दोन्ही भाग एकेक शेड खाली जातात आणि पट्टा तसाच राहतो. मी तेच केलं होतं पहिल्या दोघींना, वर पैसेही घेतले, आता आठवलं की लाज वाटते. बरोबर पद्धत म्हणजे दोन्हीकडून मधे भेटवायचं. काळवंडलेल्या हाताला लग्नाआधीच्या दीड-दोन महिन्यांत दोन-तीन डी-टॅन देऊन थोडा वर आणायचा, आणि शेवटी खांदा-पाठ-दंड या उजळ भागालाच हलका स्प्रे मारून थोडा खाली आणायचा. जिथे सीमा आहे तिथे गन मागे घेत विरळ करायचं, जशी रांगोळी कडेला बोटानं पसरवतो तसं. शेवटचं डी-टॅन किंवा ब्लीच आणि स्प्रे यात निदान चार-पाच दिवस ठेवा, ताज्या डी-टॅन किंवा ब्लीच केलेल्या कातडीवर रंग चट्ट्याचट्ट्यानं बसतो.

आणि नवरीची आई. तिला धरूनच प्लॅन करा, ती दारातच म्हणणार, "लग्नात पोरीले काळं करता का तुम्ही?" तिच्याशी वाद घालू नका. मी काय करते, पंधरा-वीस दिवस आधी एका दंडावर ट्रायल देते, दुसरा दंड तसाच, आणि दुसऱ्या दिवशी मायलेकींना बोलावून खिडकीजवळ दोन्ही हातांचा फोटो काढते. मोबाइलमध्ये फोटो पाहिला की आई स्वतःच म्हणते, हाव, हा हात बरा दिसून राहिला. त्याच्यानंतर ॲडव्हान्स मागायचा.

हळद आणि मेंदीचं टाइमटेबल तुम्हीच करून द्या, बाहेरचा कोणताच कोर्स हे शिकवत नाही. मेंदी आधी, दोन दिवसांपूर्वी. मेंदीवर जे तेल लावतात, लवंगाचं नाहीतर निलगिरीचं, ते पूर्ण धुऊन निघालं पाहिजे, तेलावर डीएचए चढतच नाही. हळद म्हणजे उटणंच झालं, पाच सवाष्णी अन् त्यानंतर पंचवीस मैत्रिणी रगडून रगडून लावतात, आधी स्प्रे केला असेल तर तो सगळा त्या हळदीसोबत नाल्यात. म्हणून स्प्रे हळदीच्या आंघोळीनंतर, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, लवकर धुता येणारं रॅपिड सोल्युशन वापरून. पिवळेपणा राहिला असेल तर तो आधी काढा, हळदीवर तपकिरी म्हणजे काय रंग होतो ते मी पाहिलं आहे, तुम्ही नका पाहू. अन् नवरीला नेहमी बिनरंगाचं सोल्युशन, ज्यात मारताना दिसायला म्हणून घातलेला ब्रॉन्झर नसतो. ब्रॉन्झर घामानं सुटतो आणि क्रीम कलरच्या अस्तराला लागतो. मारताना दिसत नाही म्हणून हात बसलेला पाहिजे, तो नसेल तर पहिल्या सीझनला नवरी घेऊच नका.

दुसरं गिऱ्हाईक जिमवाले, म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरणारे. हे लोक स्वतःहून येतात, यांना समजवावं लागत नाही, उलट यांना जेवढं काळं कराल तेवढं कमीच. स्टेजच्या लाइटमध्ये उजळ अंगावरचे कट, म्हणजे स्नायूंच्या रेघा, दिसत नाहीत, सगळं सपाट दिसते, म्हणून काँपिटिशन टॅन गडद लागतो. माझा पहिला आला तो म्हणाला, "ताई, मागच्या वर्षी मी स्टेजवर पांढुरकाच दिसून राहिलो होतो, जजनं पाहिलंच नाही." आधी पोरं फाउंडेशन आणि खोबरेल तेल कालवून लावायची, घाम आला की चड्डीत ओघळ. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमात हात फिरवल्यावर निघून येणारा रंग चालत नाही, डीएचएचा चालतो. लोकल स्पर्धेचे नियम वेगळे असू शकतात, ऑर्गनायझरला विचारून घ्या. यांच्यासाठी पद्धत वेगळी. शेव्हिंग एक-दोन दिवस आधी, पहिला कोट आदल्या दिवशी दुपारी, दुसरा रात्री, सकाळी टच-अप, मधे आंघोळ नाही. आणि डिओ अजिबात नाही, डिओ लावून आला तर काखेत हिरवट रंग येतो, खरंच हिरवा. जेन्ट्ससाठी मी जिममधल्याच एका ट्रेनर पोराला शिकवलं, तो मारतो अन् मी बाहेरून सोल्युशन भरून देते. तेच ठीक आहे, त्यांनाही मोकळं वाटते अन् मलाही. एक पोरगा खूश झाला की त्याची अख्खी जिम येते, बायकांपेक्षा जास्त गप्पा मारतात हे लोक.

तिसरं, आणि इथे सांभाळून चाला, पांढरे डाग असलेले लोक. कोडाच्या डागांवर डीएचए लावून ते झाकता येतात, डॉक्टर लोकही सुचवतात, पाण्यानं जात नाही आणि आठवडाभर टिकते, ही खरंच मोठी सोय आहे. पण मी आधी स्किनच्या डॉक्टरांचं विचारून या म्हणते, त्याशिवाय हात लावत नाही. गन वापरत नाही, बारीक ब्रशनं डागाच्या आतल्या आत, कारण बाजूच्या चांगल्या कातडीवर गेलं की ती अजून गडद होते आणि डागाभोवती कडं दिसायला लागते. आणि जाहिरातीत 'उपाय', 'इलाज', 'कायमचं' असे शब्द चुकूनही टाकू नका. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कोड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, अशा माणसाला आधीच शंभर जणांनी फसवलेलं असते. एक काकू दर पंधरा दिवसांनी हळदीकुंकू, बारसं, काही असलं की येतात, फक्त दोन हातांच्या बोटांचं काम असते, मी त्यांच्याकडून अर्धेच पैसे घेते आणि दार लावून घेते.

ज्यांच्यावर मी उगाच आशा ठेवली ते पण सांगते. पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, मला वाटलं वडसा लाइनचे कलाकार येतील, पण ते दहा मिनिटांत पॅनकेक मेकअप फासून मोकळे होतात, त्यांना रोज नवं पात्र, आठवडाभर टिकणारा रंग त्यांच्या काय कामाचा.

सामान. एचव्हीएलपी मशीन घ्या, म्हणजे हवा भरपूर अन् प्रेशर कमी, तुषार बारीक पडतो अन् उडत नाही. एअरब्रशचा छोटा कंप्रेसर मेकअपसाठी ठीक आहे, पूर्ण अंगाला तास लागतो. ऑनलाइन फार स्वस्त मिळून राहिली म्हणून भिंत रंगवायची गन आणणारे पण पाहिले मी, तिचं नोझल जाड, अंगावर थेंब थेंब ओघळतात. एक फोल्डिंग तंबू मिळतो तो घ्याच घ्या, मी वाचवले ते पैसे आणि तीन महिन्यांत खोलीची भिंत चहा सांडल्यासारखी झाली, घरमालकानं डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतो म्हणून सुनावलं, शेवटी मीच रंग देऊन घेतला. एक्झॉस्ट फॅन जोरदार पाहिजे. अमेरिकेचा एफडीए, म्हणजे औषध-कॉस्मेटिकवर नजर ठेवणारा सरकारी विभाग, डीएचएला फक्त बाहेरून कातडीला लावायची परवानगी देतो, ते ओठांवर, डोळ्यांत, श्वासात जायला नको असं स्पष्ट म्हणतो. गिऱ्हाईक वर्षातून चारदा ते हुंगणार, तुम्ही रोज, त्यामुळे तुमचा मास्क आधी. गिऱ्हाइकाला नाकाचे फिल्टर, ओठांना व्हॅसलिन, डोळे बंद किंवा त्यांचे ते छोटे गॉगल. दमा असेल, पोटुशी असेल, इसब किंवा उघडी जखम असेल तर मी सरळ नाही म्हणते.

कूलर. हे खास आपल्यासाठी. नागपूरचं पार्लर म्हणजे खसच्या ताट्यांचा कूलर असतोच, पण टॅनच्या खोलीत तो बंद. कूलर हवेत ओल सोडतो, अंग सुकतच नाही, चिकट राहते आणि कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे रेघा पडतात. एसी लागतो, एक टनाचा पुरतो छोट्या खोलीला. वीजबिल धरूनच रेट ठरवा.

सोल्युशनचं. डीएचएची टक्केवारी बाटलीवर असते, साधारण ८ ते १४ च्या मधे मिळते. आपल्या गव्हाळ रंगावर ८ वालं कधी कधी दिसतच नाही म्हणून लोक थेट १४ मारतात आणि मग नारिंगी होते. रंग नारिंगी होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, कातडीला पेलेल त्याच्यापेक्षा जास्त डीएचए, नाहीतर जुनं खराब झालेलं सोल्युशन. माझ्या भाचीवर पहिल्यांदा मारलं होतं, तिचा भाऊ म्हणे, "संत्रानगरी म्हणून काय संत्रंच केलं का हिचं?" आपल्याकडे हिरवट, म्हणजे ऑलिव्ह बेस (सोल्युशनच्या रंगाची झाक) चांगला बसतो, जांभळा बेस पिवळेपणा मारतो पण सगळ्यांना चालत नाही. मी तीन बाटल्या ठेवते अन् दंडाच्या आतल्या बाजूला तीन ठिपके देऊन दुसऱ्या दिवशी पाहते, तीच पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी येते का ते पाहणं, पण होऊन जाते. आणि कोणाच्या तरी भासऱ्यानं दुबईवरून बॅगेत आणलेली बाटली धंद्यात वापरू नका. बाहेरून येणाऱ्या कॉस्मेटिकला २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे इथे रजिस्ट्रेशन लागते, लेबलवर इंपोर्टरचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन नंबर पाहून घ्या, बिल घ्या. उद्या कोणाच्या अंगावर पुरळ आलं तर तुमच्या हातात कागद पाहिजे.

हात कसा बसवायचा तर आधी भिंतीला रद्दी पेपर चिकटवून साध्या पाण्यानं. अंतर एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. गन कधीच एका जागी थांबत नाही, ट्रिगर अंगाच्या बाहेर दाबायचा आणि अंगाच्या बाहेरच सोडायचा, नाहीतर सुरुवातीच्या ठिकाणी ठिपका पडतो. पेपर सगळा सारखा ओला दिसायला लागला, कुठे ओघळ नाही, की मग बहीण, वहिनी, शेजारीण. मी पहिल्या दहा-बारा जणी फुकट केल्या आणि प्रत्येकीला सांगितलं की बिघडू शकते, पुढच्या आठ दिवसांत काही कार्यक्रम असेल तर येऊ नको.

सगळ्यात जास्त चुका हात, पाय, कोपर, गुडघे इथे होतात. तिथली कातडी जाड अन् कोरडी, रंग पिऊन घेते. त्यामुळे आधी तिथे बॅरिअर क्रीम, म्हणजे रंग अडवणारं क्रीम, बोटाच्या पेरावर घेऊन अगदी पातळ, तळहात आणि नखांना जास्त. हाताचा पंजा मांजरीनं ओरबाडायला काढावा तसा वाकवायला सांगा, म्हणजे बोटांच्या सांध्यावर पांढऱ्या रेघा राहत नाहीत. कोपर वाकवून, गुडघा थोडा दुमडून. पंज्यावर गन लांबून एकच हात फिरवायचा, जे उरलं ते ओल्या कापडानं ओढून घ्यायचं. मारून झालं की तळहात, तळपाय, नखं लगेच वाइप्सनी पुसा. तपकिरी तळहात म्हणजे कार्यक्रमात प्रसाद घ्यायला हात पुढे केला की सगळ्यांना समजते. बिघडलंच तर बेबी ऑइल लावून अर्धा तास ठेवा अन् कोमट पाण्यात खरबरीत हातमोज्यानं घासा, दोन-तीनदा करावं लागते.

यायच्या आधी गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जे पाठवते ते असं: वॅक्स एक-दोन दिवस आधी, आदल्या दिवशी स्क्रब, येताना अंगाला तेल, क्रीम, डिओ, परफ्यूम काही नाही, सैल गडद कपडे, पायात आंघोळीची स्लीपर. तरी निम्म्या जणी टाइट जीन्स घालून येतात. म्हणून मी दोन जुने काळे गाउन ठेवले आहेत.

जातानाचा प्रॉब्लेम मोठा, कारण गाडी. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली पांढरी रेघ काढतो, बॅगचा पट्टा खांद्यावर, हातमोजे मनगटावर, आणि सिग्नलला पाच मिनिटं थांबलं की मांडीमागे घाम. मी आता अपॉइंटमेंट फक्त संध्याकाळी साडेसहानंतर देते आणि सांगते की घ्यायला कोणाला तरी कार घेऊन बोलवा नाहीतर ऑटोनं जा. पावसाळ्यात तर एक सर आली की जिथे थेंब तिथे फिकट ठिपका, चितळासारखं. सहा-आठ तास पाणी नाही (रॅपिडला बाटलीवर जेवढे लिहिले तेवढेच), मग कोमट पाणी, साबण नाही, पाणी साफ निघेपर्यंत. भांडी घासायची नाहीत हे स्पष्ट सांगा, नाही सांगितलं तर घरी गेल्या गेल्या घासतात. त्यानंतर रोज मॉइश्चरायझर, हिवाळ्यात दोनदा, नाहीतर आपली कातडी इतकी फुटते की चौथ्या दिवशी रंग पापडासारखा निघतो.

हिशोब. पूर्ण अंगाला ५० ते ६० मिली लागते, म्हणजे लिटरमध्ये १६ ते २० जण. धरा लिटर ६००० ला पडलं तर माणशी तीन-पावणेचारशेचा माल, त्याच्यावर डिस्पोजेबल कपडे, फिल्टर, वाइप्स, एसी, आणि दर माणसामागे गन कोमट पाण्यानं धुवायची वीस मिनिटं. नाही धुतली तर सुई जाम होते आणि पुढच्या बाईच्या पाठीवर थुंकते. नुसते दंड-पाठ केले तर २०-२५ मिलीत होते, आणि खरं सांगायचं तर माझा गल्ला त्याच्यावरच भरतो, पूर्ण अंगावर नाही. पहिल्या वर्षी याच्या भरवशावर पार्लर बंद करायची चूक करू नका, आयब्रो अन् वॅक्सिंगनंच भाडं निघते. कागदपत्रांत थोडीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना पुरते, छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे (पैसे मागणाऱ्या एजंटला हाकला), सर्व्हिसची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर लागत नाही. मशीनसाठी सरकारच्या मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत आहे, बँकेत जाताना कोटेशन घेऊन जा आणि तिथेही 'टॅन' म्हणू नका, 'ब्रायडल बॉडी मेकअप' म्हणा, माझा तिथे अर्धा तास गेला होता.

गिऱ्हाईक आणायला रील्स वगैरे ठीक आहे पण खरं काम मेकअप आर्टिस्ट करतात. धरमपेठ, रामदासपेठकडच्या ज्या पोरी नवरीचा मेकअप करतात त्यांच्या स्वतःच्या एका हातावर फुकट करून द्या, त्यांना बॉडी फाउंडेशनचा त्रास माहीत असतो, दोन वाक्यांत समजते. त्यांना कमिशन द्या, बिनबोभाट द्या. एखाद्या फोटोग्राफरलाही धरून ठेवा, कारण पांढरा व्ही एडिट करता करता तोच वैतागलेला असतो. खोलीत मोबाइल नाही, कॅमेरा नाही, फोटो फक्त विचारून आणि फक्त हाताचा. या एका नियमावर माझ्याकडे महाल-इतवारीकडच्या बायका येतात, ज्यांच्या घरी सांगितलं नसते की कुठे चालली.

सीझन म्हणाल तर तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मेमध्येही लग्नं असतात पण ४५ डिग्रीत मांडवात बसणाऱ्या नवरीला मी हात जोडते, तिथे कोणतंच सोल्युशन टिकत नाही, पैसे घेऊन नाव खराब करण्यापेक्षा मेकअपवालीकडे पाठवते. आणि सीझन संपला की उरलेल्या बाटल्या बंद पार्लरमध्ये ठेवू नका. डीएचए उष्णतेनं खराब होते, मागच्या मेमध्ये माझी अर्धी बाटली कपाटात राहिली अन् जूनमध्ये उघडली तर काळपट, आंबूस वास. आता झाकण घट्ट लावून घरच्या फ्रिजमध्ये ठेवते. फक्त बाटलीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवा, कारण आमच्या सासूबाईंनी ती एकदा कोकम सरबत समजून काढली होती, ग्लासात बर्फसुद्धा टाकला होता.